मिटल्या तोंडाची घळ

पाहुण्यांना नदीवरून फिरवणाऱ्या कंपनीने मला रबरी राफ्टच्या पुढच्या टोकाला बसायला ठेवलं होतं. मण्यांचं भरतकाम केलेलं जाकीट घालायचं, पाहुण्यांना जुन्या गोष्टी सांगायच्या, मुक्कामावर तव्यात बॅनक, म्हणजे आमचा जाड पाव, भाजून द्यायचा आणि वल्ह्याला हात लावायचा नाही. हे शेवटचं वेंडलने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, दोनदा सांगितलं. एकदा माझ्याशी हात मिळवताना आणि एकदा मी दारातून बाहेर पडत असताना. कागदावर माझ्या कामाला ‘सांस्कृतिक यजमान’ असं नाव होतं. माझ्या भावाने ते ऐकलं तेव्हा तो इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली.

मी तेव्हा अडुसष्ट वर्षांची होते. या नदीवरून पहिल्यांदा खाली आले ती आईच्या पाठीला बांधलेली. नकाशावर नदीला कुठल्याशा गव्हर्नरचं नाव आहे. तो इकडे कधी फिरकला नाही. आम्ही इथले मूळचे कास्का लोक तिला नुसतं ‘मोठं पाणी’ म्हणतो.

ते जाकीट घालून बसायला मी तयार झाले ती लोरेटासाठी. लोरेटा माझ्या धाकट्या बहिणीची, ओडिलची मुलगी. ती सहा वर्षांची असताना ओडिल तिला घेऊन दक्षिणेला शहरात गेली आणि तिथेच वारली. चोविसाव्या वर्षी लोरेटा एक पाठपिशवी घेऊन माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, मावशी, मला नदी शिकायची आहे. त्याला तीन उन्हाळे झाले होते. कंपनीने तिला शिकाऊ म्हणून घेतलं. मुख्य गाईडच्या देखरेखीखाली सहा फेऱ्या न चुकता केल्या की तिची परवान्यासाठी शिफारस व्हायची होती. पाच झाल्या होत्या. ही सहावी.

त्या कंपनीत आमच्यातले लोक स्वयंपाकाला होते, सामान उचलायला होते, विमानतळावरून पाहुण्यांना आणायला होते. वल्ह्यावर मात्र कोणी नव्हतं. लोरेटाने मला साफ सांगितलं होतं. शिफारस झाली तर ती इथेच राहील, नाही झाली तर शहरात परत जाईल. दुसऱ्यांच्या राफ्टवर कांदे चिरायला मी इतक्या लांब आलेली नाही, म्हणाली. ती गेली असती तर ओडिलचं आमच्याकडे काहीच उरलं नसतं. आणि माझ्यानंतर या पाण्यावर आमच्या घरातलं कोणी उरलं नसतं.

मुख्य गाईड कर्टिस. दक्षिणेचाच, चाळिशीचा, हाताला चांगला. वाईट माणूस नव्हता. मला ‘फिलोमीनबाई’ म्हणायचा, उतरताना हात द्यायचा, चहात साखर किती लागते ते त्याच्या लक्षात असायचं. त्याच्याकडे एक वही होती, पाण्याने भिजू नये अशा कव्हरातली. नदीचं प्रत्येक वळण त्यात लिहिलेलं. राफ्ट दोन होते. पुढचा कर्टिस चालवायचा, मागचा लोरेटा. पाहुणे सात, त्यातले तीन आणि मी लोरेटाकडे. तिच्या पाहुण्यांत नॉर्मन नावाचे एक निवृत्त दंतवैद्य होते. त्यांना अस्वल बघायचं होतं, आणि अस्वल दिसलं की ते डोळे मिटून घ्यायचे.

आता मी तिला कसं शिकवलं ते सांगते, कारण सगळं तिथेच घडलं.

आमच्याकडे काम तोंडाने शिकवत नाहीत. माझे वडील दर जूनमध्ये डोंगरातून मूसच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या, कातड्याची नाव करून खाली यायचे. स्प्रूस झाडाच्या काठ्यांचा सांगाडा, त्यावर सात-आठ कातडी शिवलेली, शिवणींवर चरबी चोळलेली. आत आम्ही सगळे, कुत्री, हिवाळाभराचं सुकवलेलं मांस. मी आठ उन्हाळे वडिलांच्या मागे बसले. त्या आठ उन्हाळ्यांत त्यांनी मला डावीकडे किंवा उजवीकडे असा एक शब्द सांगितला नाही. अवघड जागा आली की ते काठावर उतरायचे, एका जागी उभे राहायचे आणि जिथून जायचं तिथे बघत राहायचे. मी शेजारी उभी राहून तिथेच बघायची. नवव्या उन्हाळ्यात त्यांनी मागचं लांब वल्हं माझ्या हातात दिलं आणि पाइप भरायला लागले. कोणी दोनदा विचारलं तर आमची आजी म्हणायची, कावळा आलाय वाटतं घरात. सांगणं म्हणजे समोरच्याला डोळे नाहीत असं म्हणणं. मोठ्या माणसाला असं कोणी म्हणत नाही.

मग मीही लोरेटाला तसंच शिकवलं. तीन उन्हाळे. प्रत्येक घळीच्या आधी मी उतरायची, उभी राहायची आणि जिथून जायचं तिथे बघायची. ती शेजारी उभी असायची. शिकते आहे असं मला वाटायचं. पाच फेऱ्या नीट झाल्या, मग वाटायला हरकत काय?

नदीला तीन घळी आहेत. कर्टिसच्या वहीत त्यांची नावं एक, दोन आणि तीन. आमच्याकडे दुसरीचं नाव ‘कुत्री बुडाली’. तिथे मधोमध खडक आहे आणि पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी जातं. इतकी वर्षं डावीकडून जायची वाट होती. त्या वर्षी बर्फ वितळताना वरची दरड सुटली होती. बघताच कळत होतं. डाव्या पाण्याची जीभ आधी गुळगुळीत असायची, आता शेवटी तिला एक सुरकुती होती. सुरकुतीखाली दगड, आणि दगडामागे पाणी मागे वळून स्वतःवरच कोसळत होतं. तसला खळगा आत आलेला राफ्ट उलटा करूनच सोडतो. उजवीकडे, कड्याला अगदी चिकटून, एक अरुंद पट्टा होता. काळा, न फुटलेला. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले. बराच वेळ राहिले. चहा गार होईल इतका.

कर्टिसने वही बघितली, पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, नेहमीसारखं डावीकडून. मी काही बोलले नाही. चार माणसांत त्याला खोटं पाडणं बरं दिसलं नसतं. शिवाय लोरेटा माझ्या शेजारीच उभी होती. तिने बघितलंच असणार.

कर्टिस डावीकडून गेला. त्याचा राफ्ट सुरकुतीवर चढला, एका अंगावर कलला, काळजाचा एक ठोका पडेल इतका वेळ तसाच राहिला आणि मग कसाबसा पार झाला. त्याला ते कळलं की नाही, माहीत नाही. मागून लोरेटा निघाली. मी पुढे बसले होते. ती राफ्ट उजवीकडे ओढेल म्हणून मी त्या अंगाला रेलून बसले. ती डावीकडे गेली.

खळग्याने राफ्ट उलटा केला. त्या पाण्यात जूनमध्येही बर्फाचे तुकडे असतात. छातीतला श्वास कोणीतरी मुठीत धरल्यासारखा होतो. मला राफ्टची दोरी सापडली. लोरेटाने एका हाताने एका पाहुणीला धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने राफ्ट. नॉर्मन सगळ्यांत शेवटी वर आले, खूप खाली, कर्टिसच्या राफ्टजवळ. कर्टिसने त्यांना लाइफ जॅकेटच्या खांद्याला धरून आत ओढलं. काठावर शेकोटी करून सगळ्यांचे कपडे उतरवले, ब्लँकेटं गुंडाळली. कोणाचं काही मोडलं नव्हतं. एक वल्हं गेलं, जेवणाची एक पेटी गेली, आणि नॉर्मन यांची वरची कवळी गेली. जन्मभर दुसऱ्यांना दात बसवले, म्हणाले, आणि माझे एका नदीने काढले, तेही भूल न देता. ते बोलताना शिट्टी वाजत होती. हसावं की नाही ते कोणाला कळेना, तेव्हा तेच आधी हसले.

लोरेटा हसली नाही. ती ओले दोर गुंडाळत बसली होती. एकच दोर तिसऱ्यांदा गुंडाळत होती.

त्या दुपारी आम्ही सगळे शांत पाण्यातून पुढे गेलो आणि तिसऱ्या घळीच्या वरच्या अंगाला, जिथे नदी तळ्यासारखी पसरते, तिथे तंबू लावले. कर्टिस सॅटेलाइट फोन घेऊन टेकाडावर गेला. बराच वेळ बोलत होता. खाली आला तेव्हा त्याने टोपी काढून हातात धरली होती. वेंडलने ठरवलं होतं. उद्या दुपारी पाण्यावर उतरणारं विमान येईल, एक नवा गाईड आणेल आणि लोरेटाला घेऊन जाईल. तोपर्यंत तिने वल्ह्याला हात लावायचा नाही. कागदावर ‘शिकाऊ गाईडची चूक’ अशी नोंद होईल. शिफारस होणार नाही.

लोरेटा फक्त म्हणाली, बरं. आणि स्प्रूसच्या झाडांत निघून गेली.

मी तिच्या मागे गेले. खरं सांगायचं तर मी रागावलेली होते. ती एका पडलेल्या खोडावर बसली होती. मी समोर उभी राहिले, आणि तीच आधी बोलली.

“तू बघितलं होतंस ना, मावशी?”

“बघितलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले नाही म्हणजे? इतका वेळ उभी होते त्या कड्याकडे बघत. आणखी काय करायचं होतं?”

“ते बघणं झालं. बोलणं नाही.”

“आमच्यात तेच बोलणं असतं.”

“मी तुमच्यात वाढले नाही,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “मी बसस्टॉपच्या पाट्या वाचत वाढले. तू पाण्याकडे बघत होतीस, मावशी, आणि मी तुझ्याकडे. तीन वर्षं मी तेच केलं. तुझा चेहरा बघायचा. तू घाबरली नाहीस तर वाट बरी आहे. कर्टिस डावीकडे म्हणाला, तुझ्या चेहऱ्यावर काही नव्हतं. मी डावीकडे गेले.”

मी तिच्या शेजारी बसले. मला बसावंच लागलं. पाच फेऱ्या तिने माझ्या तोंडावर वाचून केल्या होत्या. उजवीकडचा पट्टा चांगला होता म्हणून माझा चेहरा शांत होता, आणि त्या शांतपणाने तिला खळग्यात घातलं. मी वडिलांसारखं शिकवत होते. पण वडिलांच्या मागे बसलेली पोर जन्मापासून त्यांच्याच नावेत होती, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग मी कर्टिसकडे गेले. सगळे शेकोटीभोवती होते. मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी आहे. उजवीकडची वाट मला दिसली होती, मी सांगितली नाही, हे वेंडलला कळव. कर्टिसने मान हलवली, पुन्हा टेकाड चढला आणि लगेच परत आला.

“फिलोमीनबाई, ते म्हणतात तुमची चूक होऊच शकत नाही,” तो म्हणाला. “तुम्ही गाईड नाही. तुमचं नाव त्या कागदात येत नाही.”

म्हणजे चूक करायलासुद्धा परवाना लागतो. हे मला त्या दिवशी कळलं. अडुसष्ट वर्षं या पाण्यावर काढून मी बुडवूही शकत नव्हते कोणाला. मी जाकीट काढलं, घडी घातली आणि त्याच्या हातात दिलं. “हे तू घाल,” म्हटलं. “गोष्टी तुला येत नाहीत, पण वहीत असतील.”

नॉर्मन यांनी टाळी वाजवली. बाकी कोणी नाही.

सकाळी नाश्त्याच्या आधी मी लोरेटाला उठवलं आणि तिसऱ्या घळीच्या कड्यावर घेऊन गेले. या घळीला आमच्याकडे ‘मिटलं तोंड’ म्हणतात. वरून बघितलं तर दोन्ही कडे एकमेकांवर मिटल्यासारखे दिसतात, पाणी आत कुठून शिरतं ते दिसतच नाही. वडील इथे सगळ्यांत जास्त वेळ उभे राहायचे.

त्या सकाळी मी तिथे बोलले. जे माझ्या आईने, वडिलांनी, आजीने कधी केलं नाही ते केलं. बोट दाखवून, शब्दाने, एक एक पाणी सांगितलं. तो पांढरा फेस बघ, तो फुटून जातो, त्याला घाबरायचं नाही. ती पाण्याची गुळगुळीत पाठ बघ, ती वाईट, तिच्याखाली दगड आहे. आत शिरताना राफ्टचं ढुंगण डाव्या कड्याकडे ठेव आणि उलटं ओढत राहा. दुसरं वळण आलं की ओढणं थांबव, पाणी आपोआप उजवीकडे घेतं, तिथे हात कितीही शिवशिवले तरी वल्हं मारायचं नाही. हे सगळं मला कधी शब्दांत माहीतच नव्हतं. बोलताना मलाच नवीन ऐकू येत होतं. मधेच मी अडकायची, हाताने दाखवायची, तेव्हा ती म्हणायची, नाही मावशी, तोंडाने सांग. मी तोंडाने सांगायची. घसा कोरडा पडला. मला लाजही वाटत होती, चारचौघांत कपडे बदलावे तशी. एक कावळा आमच्यावरून ओरडत गेला आणि मला आजी आठवली.

तिने विचारलंसुद्धा. दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. मी प्रत्येक वेळी सांगितलं.

मग ती पाण्याकडे बघत राहिली. या वेळी मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिचे डोळे वरून खाली गेले, थांबले, पुन्हा वर आले, पुन्हा खाली गेले.

“जाऊ या,” ती म्हणाली.

“कुठे?”

“विमान दुपारी येणार. त्याआधी.”

मी उठले आणि खाली चालू लागले.

मुक्कामावर कॉफी उकळत होती. लोरेटा सरळ तिच्या राफ्टकडे गेली, तीन वल्ह्यांतली दोन बरी निवडली, ती लावली, सामानाच्या पिशव्या काढून काठावर ठेवल्या. मी पुढच्या टोकाला बसले. कर्टिस कप टाकून धावत आला आणि बांधलेल्या दोराच्या खुंटापाशी उभा राहिला. दोर त्याने मनगटाला गुंडाळून घेतला.

“लोरेटा, उतर. हे करू नकोस.”

ती वल्ह्यांवर हात ठेवून बसली होती.

“राफ्ट कंपनीचा आहे. विम्याचं काय होईल माहीत आहे? फिलोमीनबाई, तुम्ही तरी सांगा तिला.”

“सांगून झालं,” मी म्हटलं. “सकाळपासून तेच करतेय.”

“तुम्ही दोघी मेलात तर मी काय सांगू त्यांना?”

“काल काय सांगितलंस, कर्टिस?” लोरेटा म्हणाली. “डावीकडे जा म्हणून तू सांगितलंस, हे सांगितलंस का?”

मागे पाहुणे येऊन उभे होते. नॉर्मन ब्लँकेट पांघरून पुढे आले.

“मी पार झालो होतो,” कर्टिस हळू म्हणाला.

“तुझा राफ्ट एका अंगावर उभा राहिला होता,” मी म्हटलं. “मी मोजलं. एक ठोका. त्या एका ठोक्यावर तू आज तिथे उभा आहेस आणि ती इथे बसली आहे.”

त्याने पाहुण्यांकडे बघितलं. मग हातातल्या दोराकडे. दोर मात्र सोडला नाही. त्याने सोडला असता तर मला बरं वाटलं असतं, त्याच्यासाठी. लोरेटाने कमरेचा सुरा काढला, राफ्टच्या कडेला वाकली आणि दोर कापला. कर्टिसच्या मनगटाला तीन वेटोळी तशीच राहिली.

“परत येऊ नकोस म्हणजे झालं,” मागून कर्टिस ओरडला.

“नदी उलटी वाहत नाही,” लोरेटा म्हणाली, पण ते माझ्यापुरतंच.

घळीचं तोंड जवळ आलं तसा आवाज बदलला. आधी तो पुढून येतो, मग बाजूने, आणि शेवटी खालून, बुडाखालून. तिने राफ्टचं मागचं टोक डाव्या कड्याकडे वळवलं आणि उलटं ओढायला लागली. दोन्ही कडे उघडले. आम्ही इतक्या जवळून गेलो की दगडावरचं शेवाळ दिसत होतं. पहिल्या पांढऱ्या लाटेने मला गळ्यापर्यंत भिजवलं. ती फुटून गेली. ती गुळगुळीत पाठ आली, मला ती लोरेटाच्या आधी दिसली असं वाटलं, आणि सकाळभर सैल झालेली जीभ आपोआप सुटली.

“उजवीकडे धर, उजवीकडे, आता...”

“गप्प बस, मावशी,” ती म्हणाली. “मी बघतेय.”

मी मागे वळून बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डोक्यावरून, पलीकडे, पाण्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी पुढे तोंड केलं आणि दोरी धरली. पाण्याची ती पाठ आमच्या डाव्या बाजूला एका हाताच्या अंतरावरून गेली. दुसऱ्या वळणावर तिने वल्ही उचलून घेतली, पाण्याबाहेर, आडवी. राफ्ट स्वतःच फिरला, उजव्या कड्याला घासण्याइतका जवळ गेला आणि घासला नाही. मी तिला सांगितलं नव्हतं ते एक तिने मधे केलं. दोन पांढऱ्या लाटांमधे एकदाच, फक्त डावं वल्हं, अर्धं. मी ते कधी केलेलं नाही. आता बघितल्यावर वाटतं, करायला हवं होतं.

मग आकाश रुंद झालं आणि आम्ही खालच्या सरळ, मंद पाण्यात होतो. तिने राफ्ट काठाच्या वाळूला लावला. दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून ठेवले. मी दोन मुठी चहाची पत्ती आणली होती, जाताना पाण्याला द्यायला, ती भिजून लगदा झाली होती. तशीच दिली.

दुपारी विमान डोक्यावरून वरच्या तळ्याकडे गेलं. नंतर बऱ्याच वेळाने कर्टिसचा राफ्ट घळीतून आला. त्यात तो, नवा गाईड आणि तीन पाहुणे. बाकीचे कड्यावरच्या वाटेने चालत आले, नॉर्मन सगळ्यांच्या पुढे. कर्टिसने राफ्टचं मागचं टोक डाव्या कड्याकडे ठेवलं होतं. दुसऱ्या वळणावर त्याने वल्ही उचलून धरली. कड्यावर उभं राहून त्याने आम्हाला बघितलं होतं, आणि बघितलेलं वापरलं. मी त्याला तेवढ्यापुरतं चांगलं म्हटलं, मनात.

त्यांच्या मागोमाग विमान खाली आलं, सरळ पाण्यावर उतरलं आणि काठाला लागलं. वैमानिक ग्लेन मला तीस वर्षं ओळखतो. तो विमानाच्या तरंगत्या पायावर उभा राहिला आणि म्हणाला, एक माणूस आणलाय, एक न्यायचाय, वारा वाढतोय, पटकन सांगा कोण ते. नवा गाईड पिशवी खांद्याला लावून वाळूवर उभा होता. चांगला, रुंद हाताचा माणूस. लोरेटाच्या राफ्टकडे त्याने बघितलं. ती वल्ह्यांच्या मधेच बसली होती, उतरलेली नव्हती.

“वेंडल म्हणाले होते...” कर्टिसने सुरुवात केली.

“मी विमानात बसणार नाही,” लोरेटा म्हणाली. “मला न्यायचं असेल तर या राफ्टसकट उचला.”

ग्लेनने राफ्ट बघितला आणि म्हणाला की त्याच्या विमानात तो काही मावणार नाही.

कर्टिसने फोन लावला. या वेळी तो टेकाडावर गेला नाही, तिथेच सगळ्यांसमोर उभा राहिला. घळ पार झाल्याचं त्याने सांगितलं. कोणी पार केली ते सांगितलं. दुसऱ्या घळीत डावीकडे जायला कोणी सांगितलं तेही सांगितलं, जरा अडखळत, पण सांगितलं. मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. फोन कानापासून दूर धरून तो लोरेटाला म्हणाला, “त्यांनी तुला कामावरून काढलंय. आत्ता, या क्षणापासून. शिफारस नाही, काही नाही.”

“ऐकलं,” ती म्हणाली. “त्यांना विचार, कामावरून काढलेल्या बाईने वल्हं मारलं तर त्यांच्या कागदात कुठल्या रकान्यात घालणार?”

कर्टिसने विचारलं नाही. त्याने फोन बंद केला.

मग नवा गाईड लोरेटाजवळ आला आणि खालच्या आवाजात विचारलं, दोन लाटांमधे डावं वल्हं मारलं असं कर्टिस म्हणाला, ते का? तिने त्याला सांगितलं. शब्दांत, हाताने न दाखवता. त्याने मान डोलावली, पिशवी उचलली आणि ग्लेनला म्हणाला की इथे त्याच्यासाठी राफ्ट नाही. विमान त्याला घेऊन गेलं.

अजून चार दिवसांचं पाणी बाकी होतं. सामान भरताना कर्टिस नेहमीसारखं पाहुण्यांना वाटून द्यायला लागला, तुम्ही इकडे, तुम्ही तिकडे. कोणी ऐकलं नाही. नॉर्मन आधीच लोरेटाच्या राफ्टमध्ये जाऊन बसले होते, मग दोन बायका आल्या, मग आणखी दोघं. कर्टिसकडे दोनच उरले आणि सगळं सामान. लोरेटाने एकाला परत पाठवलं, राफ्ट जड होतो म्हणून. तो कुरकुरत गेला.

मी पुढच्या टोकाला बसायला गेले तेव्हा ती म्हणाली, “तिथे नाही, मावशी. मला समोर दिसायला हवं. तू मागे बस.”

मी मागे बसले, तिच्या पाठीमागे. कर्टिस त्याच्या राफ्टमध्ये वल्ही धरून थांबला होता. त्याने वही उघडली, बघितली आणि मिटली. तो लोरेटाने आधी निघायची वाट बघत होता. ती निघाली.